रायरूंचं डिटेस्ट

मला डिटेस्ट करणारे पहिले गृहस्थ मला बंगलोरला भेटले. एरवी माणसं पाठीमागं बोलतात. हे समोर येऊन उभे राहिले, कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे म्हणून कळवतो. आज सकाळपासून मी तुम्हाला डिटेस्ट करतो. मनाला लावून घेऊ नका." मग जागेवर बसले, चष्मा पुसला आणि पुढची फाइल ओढली. माझा गुन्हा काय, तर एका पत्रात मी 'प्लीज' दोनदा टाइप केलं होतं.

ते आमच्या पत्रव्यवहार विभागाचे हेडक्लार्क. सगळा कारखाना त्यांना रायरू म्हणायचा. रायरू म्हणजे कानडीतले रावसाहेब. त्यांचे कोणी पणजोबा-खापरपणजोबा देशावरून खाली उतरले ते चामराजपेटेत स्थिरावले. घरात मराठीच, पण त्या मराठीत 'सरी' म्हणजे ठीक आणि 'स्वल्प' म्हणजे जरा, असले कानडी शब्द इतके कालवलेले, की माझ्यासारख्या बेळगावकरालाही मधूनमधून ठेच लागायची. साठ साल नुकतंच मागं पडलं होतं. कारखाना सरकारी, नवाकोरा, देश उभारायला निघालेला. आणि मी त्यात टायपिस्ट-क्लार्क, तात्पुरता. तात्पुरता या शब्दाची चव ज्यानं नोकरीत घेतली त्यालाच माहीत. वर्षाअखेर रायरू माझा रिपोर्ट लिहिणार, त्यावर मी कायम होणार किंवा परत बेळगावला जाऊन काकांच्या दुकानात बसणार, असा सगळा मामला होता.

रायरूंचं इंग्रजी भाषेवर प्रेम होतं असं लोक म्हणत. साफ खोटं. त्यांचं प्रेम त्या भाषेतल्या एका क्रियापदावर होतं. बाकीची भाषा त्यांनी त्या क्रियापदाच्या सोयीसाठी ठेवून घेतली होती. नवा कारकून आला की पहिल्या दिवशी त्याला काम मिळत नसे, प्रवचन मिळे.

"डिसलाइक भाजीसाठी," रायरू बोट वर करून सांगायचे. "आज नावडली, उद्या आवडेल. हेट म्हणजे द्वेष. तो भाऊबंदांचा आणि कोर्टकचेरीचा. त्यात माणूस तापतो. लोद म्हणजे किळस. त्यात पोट ढवळतं, ते गटारीसाठी ठेवा. आणि डिटेस्ट म्हणजे तिटकारा. तो थंड असतो. सुशिक्षित असतो. हेट करणारा हात उगारतो. डिटेस्ट करणारा स्वल्प बाजूला सरकतो, एवढंच."

"आणि रायरू, अब्हॉर?" एकानं त्यांना चढवायला विचारलं.

"ते पाद्र्यांचं. कारकुनाला पेलत नाही."

हा सिद्धांत कुठल्याही डिक्शनरीत नव्हता. तो जन्मला कॅन्टोन्मेंटमध्ये. तरुणपणी रायरू तिथं एका इंग्रज मेजरच्या हाताखाली लेखनिक होते. मेजर तोंडाचा सैल आणि पायाचा त्याहून सैल. ऑर्डर्लीला 'आय हेट यू' म्हणायचा आणि लाथ घालायचा. एके दिवशी त्यानं रायरूंनी लिहिलेलं पत्र उजेडात धरलं आणि म्हणाला, 'आय डिटेस्ट युअर हँडरायटिंग.' लाथ आली नाही. बस, एवढंच झालं. त्या न आलेल्या लाथेवर या माणसानं आपलं उभं आयुष्य बांधलं. साहेबानं आपल्याला डिटेस्ट केलं होतं, हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं यांना पदक मिळालंय. मी एकदा म्हणालो, "रायरू, कदाचित त्या दिवशी मेजरचा पाय दुखत असेल." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा दुसरा नियम असा, की एका वेळी सातच गोष्टी डिटेस्ट करायच्या. जास्त केल्या की धार जाते. आठवी आली की जुन्यांपैकी एकीला सोडायचं. यादी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असे, टाइप करून, तारीख घालून. मी लागलो तेव्हा तीत हार्मोनियम, सांबारातला मुळा, गंजलेली टाचणी, खांद्यावरून दुसऱ्याचा पेपर वाचणारे लोक, पांढरे बूट, अकाउंट्स विभाग आणि त्यांचे साडू एवढी मंडळी होती. साडू कायमचे सभासद, बाकीचे येऊनजाऊन. माझ्यासाठी त्यांनी पांढऱ्या बुटांना मोकळं केलं. मी तीन आठवडे काचेखाली होतो. मग विभागात स्टेपलर आला आणि माझी सुटका झाली. त्याही दिवशी ते उठले, बटण लावलं आणि मला रीतसर कळवलं. मला बरं वाटलं, आणि असल्या गोष्टीनं बरं वाटावं याचा रागही आला.

शिवाजीनगरच्या बसस्टँडवर एकदा त्यांच्या खांद्यावरून एक दुकानदार निवांत पेपर वाचत होता. मी शेजारीच. रायरूंनी पेपरची घडी केली, उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "सर, आय डिटेस्ट यू." दुकानदाराला वाटलं, सणासुदीचं काहीतरी म्हणतोय. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "सेम टू यू, सर." रायरूंना त्यात काहीच खटकलं नाही. उलट वाटभर मला म्हणत राहिले, "बघितलंत? भांडण नाही, तंटा नाही. हेट म्हणालो असतो तर इथं मारामारी झाली असती."

त्यांच्या घरीही एकदा जेवायला गेलो होतो. पानात नेमकं मुळ्याचं सांबार. रायरूंनी वाटी वीतभर लांब सारली आणि ताठ बसून राहिले. मला कळेना, जेवायला सुरुवात करावी की नाही. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना अक्का म्हणत, माझ्या भातावर आणखी एक पळी ओतत म्हणाल्या, "तुम्ही जेवा हो. यांचं डिटेस्ट चाललंय."

"पण यांना आवडत नाही तर तुम्ही करता कशाला?"

"मला आवडतं की. यांनी डिटेस्ट केलं की माझ्या वाट्याला दुप्पट येतं. त्या मेजरसाहेबाचं भलं होवो."

रायरू ताकभात जेवून उठले. त्या घरात आवाज कधी चढत नाही याचं त्यांना फार कौतुक, आणि त्याचं श्रेय ते आपल्या क्रियापदाला देत. अक्कांना विचारलं असतं तर वेगळं कारण कळलं असतं, पण अक्कांना विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

इथवर ठीक होतं. असले नग दर ऑफिसात एकदोन असतातच, आणि त्यांच्यावर हसत माणसाची नोकरी निघून जाते. पण आमच्या कारखान्यात एक रीत होती. कामगाराला मेमो मिळाला की तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा, आणि तो इंग्रजीत. कामगारांपैकी इंग्रजी येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग ते मेमो घेऊन मधल्या सुट्टीत आमच्या दाराशी उभे राहत. मराठी आणि कानडी बोलणाऱ्यांचे खुलासे रायरू लिहून देत. फुकट, आणि जीव ओतून, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. माणसाला स्टुलावर बसवत, सगळी हकिकत त्याच्या भाषेत तीनतीनदा वदवून घेत, मग डोळे मिटून इंग्रजीत उतरवत. बहुतेकांचं काम होऊन जाई, कारण उशिरा येण्याच्या खुलाशात डिटेस्टला फारसा वाव नसतो.

मग दत्तूचा मेमो आला.

दत्तू फिटर. निपाणीकडचा, रुंद खांद्यांचा, बोलायला लाजणारा. सहा वर्षं वाट बघून त्याला कारखान्याचं क्वार्टर मिळालं होतं. दोनच महिन्यांपूर्वी बायकोला आणि दोन मुलींना गावाहून घेऊन आला होता, थोरलीला शाळेत घातलं होतं. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, हे त्यानं मला दारातच सांगितलं. मी बेळगावचा, म्हणजे त्याच्या बाजूचा ना. "क्लार्कसायेब, तेवढं बगा," म्हणाला.

प्रकरण साधं होतं. दत्तू मशीनचा नट आवळत बसला होता. जेवणाचा डबा त्यानं लेथच्या पायाशी ठेवला होता. फोरमन आला आणि त्यानं तो डबा पायानं लोटला. भाकरी काळ्या तेलात पडली. दत्तू उभा राहिला, आणि पाना हातातच होता. फोरमननं लिहून दिलं, दत्तूनं माझ्यावर पाना उगारला. बघायला तिसरा कोणी नव्हता. मेमोत लिहिलं होतं, नोकरीवरून काढून का टाकू नये याचा खुलासा करावा.

रायरू त्या वेळी जागेवर नव्हते, म्हणून खुलासा मीच लिहिला. मी काम करत होतो म्हणून पाना हातात होता. मी तो उगारला नाही. डबा सांडला म्हणून मी उभा राहिलो. काही चूक झाली असल्यास क्षमा असावी. चार ओळी. आयुष्यात याहून चांगलं इंग्रजी मी कधी लिहिलं नाही.

रायरूंनी आल्याआल्या कागद वाचला आणि नाक मुरडलं. "यात माणूस कुठं आहे?"

"माणूस कशाला हवा? पाना आहे, डबा आहे. पुरे की."

"ही गोडाऊनची यादी झाली. मॅनेजर विचारणार, उभा का राहिला? मनात काय होतं? तुम्ही मनच लिहिलं नाही." त्यांनी दत्तूला स्टुलावर बसवलं. "सांग बघू, फोरमनसाहेब तुला कसे वाटतात?"

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नको नको म्हणत होतो, पण रायरूंचा आवाज इतका मायेचा होता, की त्याला ते दिसलं नाही. "कसं वाटायचं, सायेब. त्येचं त्वांड बगू नगं वाटतंय."

"मारावंसं वाटतं?"

"न्हाई न्हाई. देवाशप्पत न्हाई. त्यो आला की म्या उठून तिकडल्या मशिनीवर जातोय."

"बाजूला सरकतो," रायरू हळूच म्हणाले. "ऐकलंत? बाजूला सरकतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा सिद्धांत जिताजागता, तेलकट कपड्यांत त्यांच्यासमोर बसला होता. त्यांचे डोळे पाणावले. मी खोटं सांगत नाही, खरंच पाणावले.

आणि त्यांनी दीड पान लिहिलं. आय डू नॉट हेट द फोरमन. आय मिअरली डिटेस्ट हिम. पुढं दोन्हींतला फरक, हेट करणाऱ्याचा हात कसा उठतो आणि डिटेस्ट करणाऱ्याचा कसा उठूच शकत नाही, त्यामुळं पाना उगारणं कसं अशक्य, असं सगळं पायरीपायरीनं. माझ्या चार ओळींतली एकही त्यात नव्हती.

"रायरू," मी म्हणालो, "मॅनेजर एवढा फरक वाचणार नाहीत. त्यांना इतकंच दिसणार, की या माणसाला फोरमन डोळ्यांसमोर नको आहे, हे तो स्वतःच लिहून देतोय."

"मॅनेजर इंग्लंडला राहून आलेत. त्यांना कळतं. तुम्ही टाइप करा." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तुमचा रिपोर्ट याच आठवड्यात लिहायचाय. त्यात भाषेची जाण असा एक रकाना आहे, स्वल्प विचार करायला हवा."

त्यांनी ते धमकी म्हणून म्हटलं नाही. त्या माणसाला धमकी देताच येत नसे. मला मात्र ती ऐकू आली, आणि मी टाइप केलं. रायरूंनी दत्तूला सगळं इंग्रजीत खणखणीत वाचून दाखवलं. दत्तूनं जागोजाग मान डोलावली आणि खाली मराठीत सही केली.

चौकशी वर्क्स मॅनेजरच्या खोलीत झाली. मॅनेजर मद्रासकडचे, शांत, सारखे घड्याळ बघणारे. फोरमन बसला होता, दत्तू उभा होता, रायरू फाइल घेऊन होते, आणि दत्तूचं बोलणं इंग्रजीत सांगायला मला बोलावलं होतं. मॅनेजरनी फोरमनला विचारलं, साक्षीदार आहे का? नाही. "मग ताकीद पुरे," असं ते स्वतःशीच पुटपुटले. मी माझ्या कानांनी ऐकलं. मग त्यांनी खुलासा उचलला. वाचतावाचता थांबले, पुन्हा वरपासून वाचला.

"त्याला विचारा," ते मला म्हणाले, "हा खरोखर फोरमनला डिटेस्ट करतो का?"

दत्तूला इंग्रजी येत नव्हतं, मॅनेजरना मराठी येत नव्हतं. मी म्हणालो, "दत्तू, साहेब विचारतात, फोरमनसाहेबांबद्दल तुझ्या मनात काही राग आहे का?"

"न्हाई सायेब. तवा आला हुता. आता काय न्हाई."

"ही सेज नो, सर."

मॅनेजरनी कागद खाली ठेवला. संपलं होतं. आजही शपथेवर सांगतो, तिथं सगळं संपलं होतं.

"स्वल्प थांबा," रायरू म्हणाले, आणि उभे राहिले. "सर, भाषांतर चुकलं. यांनी राग विचारला. राग म्हणजे अँगर. आपण अँगर विचारला नव्हता." मग ते दत्तूकडं वळले. "दत्तू, भिऊ नको. खरं तेच सांग. तुला फोरमनसाहेबांचा तिटकारा आहे ना? तोंड बघू नये असं वाटतं ना, मला सांगितलंस तसं?"

दत्तूनं त्यांच्याकडं बघितलं. या माणसानं त्याला स्टुलावर बसवून त्याचं ऐकून घेतलं होतं, त्याच्यासाठी दीड पान लिहिलं होतं. त्याला खोटं कसं पाडायचं?

"हाय सायेब," तो म्हणाला. "लई हाय."

"ही डिटेस्ट्स हिम, सर," रायरू म्हणाले. "व्हेरी मच."

मॅनेजर माझ्याकडं बघत राहिले. "दोघांत बरोबर कोण?"

मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की सर, हा शब्द या माणसाचा नाही, हेडक्लार्कांचा आहे. एक वाक्य. मी ते मनात जुळवलंही. मग मला तो रकाना दिसला आणि काकांचं दुकान दिसलं. मी म्हणालो, "रायरू बरोबर आहेत, सर."

मॅनेजर म्हणाले, "पाना उगारल्याचा पुरावा नव्हता. हेतूचा पुरावा आता लेखीही मिळाला आणि तोंडीही." दत्तू बडतर्फ झाला. क्वार्टर सोडायला पंधरा दिवसांची मुदत.

मला वाटलं होतं, रायरू खचतील, निदान एक दिवस तरी गप्प बसतील. छे. "निकाल चुकला," ते परत येताना व्हरांड्यात म्हणाले, "पण वाक्य बरोबर होतं. मॅनेजरना फरक कळला नाही. तिकडं राहून आले म्हणून काय झालं." त्याच दुपारी मॅनेजर काचेखाली गेले आणि हार्मोनियम सुटली. माझ्या रिपोर्टात भाषेची जाण या रकान्यापुढं 'उत्तम' लिहून आलं. मी कायम झालो.

क्वार्टर सोडायच्या दिवशी दत्तू विभागात आला. अंगावर धुतलेला सदरा, हातात यालक्की, म्हणजे वेलची केळ्यांची फणी. ती त्यानं रायरूंच्या टेबलावर ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"दीड पान लिवलंत माज्यासाटनं," तो म्हणाला. "आजवर माजं येवढं कुनी ऐकून घेतलं न्हवतं."

रायरूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो माझ्याकडं वळला. आवाज त्यानं चढवला नाही.

"तुमी मातुर सायबाला उलटं सांगितलंसा, ह्यांनीच समजावलं मला. ह्यांनी उठून सुदारलं, पर तवर सायबाचं मन फिरलं हुतं. आपल्या बाजूचं मानूस म्हून तुमच्यावर भरवसा ठेवलोतो."

मी टाइपरायटरला नवा कागद चढवला. मी तुला वाचवत होतो, असं सांगायला गेलो असतो तर नंतर काय केलं तेही सांगावं लागलं असतं. बाहेर मुली बापाची वाट बघत होत्या, धाकटीच्या हातात तवा होता. दत्तू गेला.

रायरूंनी फणीतलं एक केळं तोडलं आणि माझ्यापुढं धरलं. "घ्या," म्हणाले, "प्रेमानं आणलंय."

मी ते घेतलं, सोललं आणि त्यांच्यासमोर बसून पूर्ण खाल्लं.